टोटल वॉर: रोम २, आठ महिने फक्त कार्थेज घेऊन

प्राचीन काळातली राज्यं चालवायचा आणि लढाया लढायचा हा कॉम्प्युटर गेम २०१३ चा आहे, मी घेतला मागच्या वर्षी, सेलमध्ये. पहिला महिना सगळे खेळतात तसा रोम खेळलो आणि मग कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं, रोमचं कट्टर शत्रू राज्य) घेतलं ते आजपर्यंत सोडलेलं नाही.

कॅम्पेन सुरू होतं इ.स.पू. २७२ ला, एक टर्न, म्हणजे खेळाची एक पाळी, म्हणजे एक वर्ष. समोर सिसिली, तिथं लिलिबेयम आपलं आणि सिराक्युज स्वतंत्र, आणि रोमचा डोळा त्याच बेटावर. खरा इतिहास पण तिथंच पेटला ना, २६४ मध्ये सिसिलीतल्या मेसाना शहरावरून, आणि मग २४१ ला कार्थेज हरेपर्यंत विझलाच नाही. कार्थेज खेळताना पहिली गोष्ट कळते ती म्हणजे पैसा. भाडोत्री सैन्य झकास मिळतं, बॅलेअरिक गोफणवाले, नुमिडियन घोडेस्वार (यांना घेऊन गनिमी कावा करायला जाम मजा येते, जवळ जायचं, भाले फेकायचे आणि पळायचं), पण त्यांचा दर टर्नचा खर्च असा की दोन बंदरं गेली की खजिना आटतो. माझं तसंच झालं, सिसिलीत जिंकत होतो आणि घरी दिवाळं. तेव्हा २४१ नंतर काय झालं असेल ते कळलं, रोमला खंडणी द्यायची, भाडोत्र्यांचा पगार थकलेला, तेच उलटले आणि ते बंड मोडायला तीनेक वर्षं गेली. आपल्यासाठी लढलेली माणसं आपल्याच दारात. पुस्तकात ही दोन ओळींची गोष्ट वाटायची.

मला खटकतं ते रोमचं चित्रण. रोमची खरी ताकद हरून परत उभं राहण्यात होती, इटलीतल्या मित्रगावांकडून माणसं येतच राहायची. २५५ मध्ये कामारिनाजवळ वादळात आरमार बुडालं तरी नवीन बांधलं, २१६ ला इटलीतल्या कॅनीत कार्थेजच्या हॅनिबलनं एवढी कत्तल केली तरी तह केला नाही. गेममध्ये दोन लिजन (रोमन फौजा) कापले आणि दोन शहरं घेतली की रोम ढेपाळतो. हॅनिबलला असं सोपं गेलं असतं तर! आणि सैन्य किनाऱ्यावर गेलं की आपोआप जहाजात बसतं, त्यामुळं कार्थेजच्या आरमाराला जो मान हवा तो मिळत नाही.

हत्ती मात्र बरोब्बर जमलेत. पेटते बाण लागले की बिथरतात आणि आपलीच फळी तुडवतात.

नकाशा बॅक्ट्रियापाशी (आजच्या अफगाणिस्तानाकडं) थांबतो, मौर्य नाहीत, याचं वाईट वाटतं, कारण २७२ म्हणजे अशोकाच्या अगदी तोंडावरचा काळ.

तरी घ्या, आणि कार्थेजच घ्या. त्यांचं स्वतःचं लिखाण जवळजवळ काहीच उरलं नाही, आपण वाचतो ते ग्रीक आणि रोमनांनी लिहिलेलं, त्यामुळं त्यांच्या बाजूनं बसून विचार करायला ही एक जागा मिळते. माझा आता ५४ टर्नांनंतर २१८ उजाडलाय, सैन्य स्पेनमध्ये आहे, हॅनिबलसारखाच आल्प्सकडं निघतोय.