स्टेजवर सूर बदलायचा तर आर्पेजिएटर का सीक्वेन्सर?

जागरण-गोंधळ असो नाहीतर जयंतीचा आर्केस्ट्रा, आपल्याकडं गायक ऐनवेळी म्हणणार "काळी दोन नको, पांढरी चार धर", म्हणजे सरळ 2 सेमीटोन वर (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर एक सेमीटोन), आणि सॅम्पलरवाल्याची, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पॅडवर वाजवणाऱ्याची, धांदल.

आर्पेजिएटर, म्हणजे धरलेल्या कॉर्डचे (एकत्र दाबलेल्या पट्ट्यांचे) सूर आपोआप एकामागोमाग वाजवणारी सोय, असंल तर काम लै सोपं, बोटं दुसऱ्या कॉर्डवर ठेवली की सूर तिथंच बदलतो, 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सोळाव्या भागाची नोट, म्हणजे पाव ठोका, दर 125 मिलिसेकंदाला येती म्हणून गॅप कळतच नाही. होल्ड (बोटं उचलली तरी सूर चालू ठेवणारं बटण) लावून हात मोकळे पण होतात, फक्त कॉर्ड धरताना एक चुकीची की दाबली की तीबी त्या फेऱ्यात घुसती. आणि खरं सांगू का, त्यातून नुसतं खालीवर होणारं निघतं, गोंधळाची ठरलेली चाल नाय निघत.

चाल पाहिजे तर सीक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर क्रमानं वाजवणारी सोय. पॅटर्न आधीच भरायचा, लाइव्हला नुसता ट्रान्सपोज मारायचा, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचे. पण संबळ-हलगीचा ट्रॅक त्यातून बाहेर ठेवा, कारण बऱ्याच मशीनवर प्रत्येक पॅड म्हणजे एक मिडी नोट (मशीनला कळणारा सुराचा नंबर), ती 2 नं सरकली की संबळच्या जागी झांज वाजती, आन मग पब्लिक बघतं तुमच्याकडं! लूप (परत परत वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा) असंल तर अजून वांधा, टाइमस्ट्रेच (सूर बदलला तरी वेग तोच ठेवणारी सोय) बंद ठेवून 12 सेमीटोन चढवला तर अर्ध्या वेळात संपतो.

माझं मत विचाराल तर गाण्याला सीक्वेन्सर, एंट्रीच्या म्युझिकला आर्पेजिएटर.