दोन लाखांचा लॅपटॉप आणि एक अख्खी लग्नसराई : मॅकबुक प्रो एम४ वापरून झाल्यावर

लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने दोन लाख दहा हजारांचा लॅपटॉप घ्यावा का? माझ्यापुरतं उत्तर ‘घ्यावा’ असं आहे. मात्र जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक असतात त्यांतल्या निम्म्या माझ्या काही कामाला आल्या नाहीत, आणि जिचा खरा उपयोग झाला ती रॅम जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

आधी मशीन सांगतो. जुना होता मॅकबुक एअर एम१ (एम१, एम४ ही ॲपलच्या चिपची नावं), ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचा. नोव्हेंबर २०२०मध्ये आला तेव्हा भारतात त्याची किंमत ९२,९०० होती. माझ्या हातात तो २०२१मध्ये आला आणि त्याने चार सीझन कुरकूर न करता काढले. नवा आहे १४ इंची मॅकबुक प्रो, साधा एम४ (‘एम४ प्रो’ किंवा ‘मॅक्स’ नव्हे), २४ जीबी रॅम आणि १ टीबी स्टोरेज. याचं सुरुवातीचं मॉडेल तेव्हा १,६९,९०० रुपयांचं होतं, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी स्टोरेजचं. रॅम आणि स्टोरेज दोन्ही एकेक पायरी चढलो आणि आकडा २,०९,९००वर गेला. या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ‘सध्या घेऊ, पुढं बघू’ हा आपला नेहमीचा मार्ग बंद. जानेवारी २०२५मध्ये घेतला, उन्हाळ्याची लग्नसराई त्याच्यावर काढली आणि आता तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन चालू झालाय. तेव्हा बोलायला हरकत नाही.

एअरमध्ये अडत काय होतं? प्रोसेसर अजिबात नाही. एम१ आजही भल्याभल्यांना हार जात नाही. कॅमेऱ्याचा १०-बिट ४:२:२ व्हिडिओ (रंगांची जास्त माहिती असलेला, म्हणून जड), ज्यावर बरेच महागडे विंडोज लॅपटॉप वर्षानुवर्षं गुडघे टेकत होते, तो एम१ सहज चालवतो. अडत होतं ते ८ जीबीत. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हळदीची गॅलरी उघडायची, शेजारी ब्राउझरमध्ये नवरीकडच्यांनी पाठवलेली निवडीची यादी, व्हॉट्सॲप चालू, आणि ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. पुढच्या फोटोवर गेलं की तो आधी धुरकट दिसायचा आणि दोन-तीन सेकंदांनी स्वच्छ व्हायचा. डोळे मिटलेत की उघडे, हे त्या दोन-तीन सेकंदांनंतरच कळणार. ऐकायला किरकोळ वाटतं. एका मोठ्या लग्नाचे चार हजार फोटो धरा आणि अडीच सेकंदांनी गुणा. पावणेतीन तास नुसते फोटो स्वच्छ व्हायची वाट बघण्यात जातात.

नव्यावर ही वाट बघणं संपलं. बाण दाबला की फोटो समोर, तोही स्वच्छ. दोन लाखांतला माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला भाग हा, आणि तो चिपपेक्षा रॅममुळे जास्त आहे. कुणाकडे १६ जीबीवाला एम१ असेल तर त्याला हा त्रास माझ्याइतका होत नसणार, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट डिनॉइजची, म्हणजे अंधारातल्या फोटोंवरचे दाणे काढण्याची. आपल्याकडच्या रिसेप्शनची लायटिंग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हॉल अंधारा, स्टेजवर फिरते निळे-जांभळे दिवे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४००च्या खाली येऊ शकत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये एप्रिल २०२३पासून एआय डिनॉइज आलं आणि असे फोटो वाचवता येऊ लागले. पण एअरवर एका रॉ फाइलला (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलला) मिनिटाच्या वरच लागायचं. रिसेप्शनचे दीडशे फोटो लावायचे म्हणजे रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं. आता एका फाइलला वीस-पंचवीस सेकंद लागतात. दीडशे फोटो तासाभरात होतात, म्हणजे जेवण होईपर्यंत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोल्हापूरच्या एका मित्राकडे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप आहे, माझ्यापेक्षा बराच स्वस्त, आणि डिनॉइजमध्ये तो माझ्या पुढे जातो. फक्त तो प्लगला लावलेला हवा. बॅटरीवर त्याचा जोर ओसरतो. शिवाय चार्जरचा ठोकळा विटेएवढा. कायम ऑफिसात टेबलावर बसूनच एडिटिंग करणाऱ्याने तोच घ्यावा, ॲपलच्या वाट्याला जाऊ नये.

माझं मात्र अर्धं काम टेबलावर होतच नाही. सकाळी मुहूर्ताला अक्षता पडतात आणि संध्याकाळी स्वागत समारंभाला सकाळचे विधी स्टेजशेजारच्या एलईडी वॉलवर दिसायला हवेत, हे आता जवळजवळ प्रत्येक पार्टी मागते. म्हणजे दुपारच्या पंगती उठत असताना मी कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत, गाद्यांच्या थप्पीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. मे महिना. बाहेर चाळीस. ॲपल स्वतःच या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य मानते. आमच्या सांगलीच्या मे महिन्याने ते वाचलेलं नाही. एअरला पंखाच नाही. त्यामुळे सलग एक्स्पोर्ट लावला की तो फंक्शन कीजच्या वरच्या पट्टीत तापायचा आणि मग स्वतःचा वेग कमी करून घ्यायचा. पहिले दोनशे फोटो झटपट, पुढचे दोनशे रेंगाळत. प्रोला पंखा आहे. अशा उन्हात तो वाजतो, ऐकू येतो, पण शेवटचा फोटोही पहिल्याच्याच वेगाने निघतो. आमच्या असिस्टंटची त्यावरही तक्रार आहेच : “दादा, पूर्वी एक्स्पोर्ट लावला की चहा तरी व्हायचा.”

एलईडी वॉलवाल्याच्या बॉक्समध्ये एचडीएमआयची वायर लागते. एअरला दोनच यूएसबी-सी पोर्ट, मग डोंगल (जोडणीचा अडॅप्टर) आलं, डोंगलमध्येच चार्जर आणि त्यातच पेन ड्राइव्ह. स्टेजमागे कुणाचा तरी पाय वायरीत अडकला की भिंतीवर काळोख आणि सगळ्या पाहुण्यांच्या माना माझ्याकडे. प्रोमध्ये एचडीएमआय थेट आहे, शिवाय मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारा चार्जर. वायरीला पाय लागला तर चुंबक सुटतं, लॅपटॉप जागेवर राहतो. स्टेजमागे पाय कायमच लागतात, त्यामुळे ही सोय मला मोलाची वाटते.

एसडी कार्डच्या स्लॉटचं कौतुक मात्र जरा बेताने करायला हवं. स्लॉट यूएचएस-२ (वेगवान कार्डांचा प्रकार) आहे, सेकंदाला २५० एमबीपर्यंत जाऊ शकतो. ६४ जीबीचं भरलेलं वेगवान (व्ही६०) कार्ड पाच-सहा मिनिटांत रिकामं होतं. जुन्या साध्या डोंगलमधून त्याला दुप्पट वेळ लागायचा. पण तुमची कार्डं साधी यूएचएस-१ असतील तर या स्लॉटने एक सेकंदही वाचणार नाही. आणि कार्डं चांगली असतील, तर तीन-चार हजारांचा चांगला यूएचएस-२ रीडर जुन्या लॅपटॉपलाही जवळपास हाच वेग देतो. केवळ स्लॉटसाठी अपग्रेड करायला निघालेल्यांनी आधी रीडर घेऊन बघावा.

आता स्क्रीन. इथे माझं आणि जाहिरातीचं चांगलंच बिनसतं. मिनी-एलईडी, १२० हर्ट्झ, एचडीआरमध्ये १६०० निट्स (उजेडाचं माप), वगैरे वगैरे. दुकानात बघितलं की डोळे दिपतात आणि घोटाळा तिथेच आहे. एवढ्या झगझगीत स्क्रीनवर एडिट केलेला फोटो अल्बमच्या कागदावर काळवंडून येतो, कारण स्क्रीन उजळ असली की आपण नकळत फोटो गडद ठेवतो. म्हणून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फोटोग्राफी (पी३-डी६५)’ हा मोड लावला. त्यात ब्राइटनेस १६० निट्सवर बांधला जातो आणि कमी-जास्त करायची पट्टीच बंद होते. म्हणजे पैसे मोजले १६०० निट्सचे आणि दिवसभर काम १६०वर! १२० हर्ट्झने स्क्रोलिंग मऊ होतं, स्थिर फोटोत त्याचा काडीचा उपयोग नाही. रंगांचं म्हणाल तर एअरची स्क्रीनही पी३, म्हणजे जास्त रंग दाखवणारी होती; हळदीचा पिवळा तिथेही पिवळाच दिसायचा.

फरक पडतो तो काळ्यात. नवरीच्या केसांतल्या गजऱ्यामागची सावली, नवऱ्याच्या काळ्या बंदगळ्यावरची शिवण, हे एअरवर एकाच काळ्या डागात जायचं. इथे ते वेगळं दिसतं आणि मग सावल्या उगाच उचलल्या जात नाहीत. त्याच मिनी-एलईडीची दुसरी बाजूही आहे. अंधाऱ्या फोटोत एखादाच तेजस्वी ठिपका असला की त्याच्याभोवती फिकट वलय उमटतं. समईच्या ज्योतीभोवतीची प्रभा लेन्समधून आलेली की स्क्रीनने लावलेली, हे झूम करून तपासायची सवय लागली आहे. आणखी एक खरा फायदा उन्हात : बाहेरच्या लख्ख उजेडात नेहमीच्या मोडमध्ये ब्राइटनेस १००० निट्सपर्यंत चढतो, तर एअर ४००वरच थांबायचा. प्री-वेडिंगला नदीकाठी जोडप्याला तिथल्या तिथे फोटो दाखवता येतात. ते खूश झाले की पुढचे दोन तास काम सोपं जातं.

बॅटरी उत्तम, लांबण लावत नाही. २४ तासांचा दावा व्हिडिओ बघण्यासाठीचा आहे. लाइटरूममध्ये सलग काम केलं तर सहा-सात तास मिळतात. लाइट गेली तरी हातातलं काम पुरं होतं. वजन १.५५ किलो, एअर १.२९ होता. आकडा छोटा दिसतो, पण दोन बॉडी आणि तीन लेन्सच्या बॅगेत तो खांद्याला कळतो.

पैशांचं थोडं तपशिलात सांगतो, कारण ‘परवडतं का’ हा प्रश्न तिथेच सुटतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. २,०९,९०० या किमतीत साधारण ३२ हजार जीएसटीचे. तुम्ही नियमित जीएसटीत नोंदणीकृत असाल आणि बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबर घालून घेतलंत, तर ते क्रेडिट म्हणून मिळतात. उरलेल्या रकमेवर कॉम्प्युटरसाठीचा ४० टक्के घसारा धरता येतो. मात्र त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर त्या वर्षी निम्माच. जानेवारीत घेतल्यामुळे मला पहिल्या वर्षी २० टक्केच मिळाला. ज्यांचं उत्पन्न अंदाजित पद्धतीने, म्हणजे ठरावीक टक्क्यांवर दाखवलं जातं, त्यांना घसारा वेगळा मिळत नाही. आधी आपल्या सीएला विचारा, मग शोरूममध्ये जा. ‘नो-कॉस्ट ईएमआय’लाही नीट वाचा. व्याजाएवढी सूट किमतीत दिलेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी कार्डाच्या बिलात येऊन बसतेच.

घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच, मार्च २०२५मध्ये, एअरही एम४वर आला, ९९,९०० रुपयांत, आणि सुरुवातीलाच १६ जीबी रॅम. किमतीतला फरक बघून बराच वेळ गप्प बसलो होतो. निवड, रंग, अल्बम डिझाइन एवढंच ज्याचं काम आहे, त्याला तो एअर आणि बाहेरून एक चांगली एसएसडी पुरेशी आहे. पंखा नाही, एचडीएमआय नाही, स्लॉट नाही. पण हे तिन्ही रोज न लागणारे फोटोग्राफरच जास्त. मला रोज लागतात. लग्नाच्याच दिवशी फोटो भिंतीवर दाखवायचं काम मी घेतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो, म्हणून प्रोचा हिशेब जमतो. ते काम नसतं तर मी हा घेतला नसता.

ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच १,६९,९००ला एम५ आला. साहजिकच कुणीतरी विचारलंच, आता विकून तो घेणार का? नाही. वीस सेकंदांचं डिनॉइज बारा सेकंदांवर आलं तरी माझ्या दिवसात काही बदलत नाही. फोटो निवडताना आता मशीन माझ्यासाठी थांबतं. तीन जवळजवळ सारख्या फोटोंतला कोणता ठेवायचा, यावर वेळ मीच लावतो, आणि त्याला कुठलीही चिप उपयोगी नाही. नवीन घेणाऱ्याने मात्र एम४ भरपूर स्वस्त मिळत नसेल तर एम५च घ्यावा.

जुना एअर विकला नाही. एक्स्चेंजमध्ये जे सांगितलं ते ऐकून परत पिशवीत घातला. त्याच्या बॅटरीची क्षमता ८१ टक्के उरली आहे. असिस्टंट त्याच्यावर कार्डं कॉपी करतो, दोन डिस्कवर बॅकअप घेतो आणि पहिली चाळणी लावतो, फक्त ब्राउझर बंद ठेवून. काही पैसे १ टीबीऐवजी ५१२ जीबी घेऊन वाचवावेत का, असं विचारणाऱ्यांना माझं म्हणणं असं : रॅममध्ये काटकसर करू नका, स्टोरेजमध्ये खुशाल करा. चालू सीझनची चार-पाच लग्नं सोडली तर आत काही ठेवायचं नसतंच, आणि वाचलेल्या पैशांत बॅकअपच्या डिस्क येतात.