पायथनचा ‘असिंक एक्झिट स्टॅक’: आवराआवर चोख, पण एक फट उरतेच

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.५ आवृत्तीत (२०१५) आलेल्या ‘असिंक विथ’ने (‘असिंक’ म्हणजे एक काम वाट पाहत असताना दुसरे चालू ठेवणारी पद्धत) काम संपताच कनेक्शन आपोआप बंद होण्याची सोय केली, मात्र किती कनेक्शन उघडायची हे प्रोग्रॅम चालतानाच ठरणार असेल, तर ती सोय अपुरी पडते आणि तेथे ३.७ आवृत्तीतील (२०१८) ‘असिंक एक्झिट स्टॅक’ कामी येतो. उघडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद तो ठेवतो, त्या उलट्या क्रमाने बंद करतो, आणि एखादी बंद करताना त्रुटी उद्भवली तरी उरलेल्यांना वाऱ्यावर सोडत नाही. माझ्या मते एवढ्या एका गुणासाठीही तो वापरावा.

तरीही या स्टॅकने आवराआवर पूर्ण होण्याची हमी मिळत नाही, ही तक्रार गंभीर आहे. आवराआवर स्वतःच ‘अवेट’वर, म्हणजे कशाची तरी वाट पाहत, थांबलेली असताना ती करणारे टास्क (चालू असलेले काम) रद्द झाले, तर ती अर्धवट राहू शकते, रद्द होण्यापासून वाचवणाऱ्या ‘शील्ड’चे कवच आपल्यालाच घालावे लागते. असिंक जनरेटरच्या (एकेक मूल्य लागेल तसे पुरवणाऱ्या फंक्शनच्या) लूपमधून मध्येच बाहेर पडल्यास त्याचा ‘फायनली’ हा शेवटच्या आवराआवरीचा भाग नेमका केव्हा चालेल याचाही भरवसा नसतो, म्हणून जनरेटर ३.१० आवृत्तीतील ‘ए-क्लोझिंग’ या त्याला बंद करणाऱ्या वेष्टणात गुंडाळूनच या स्टॅकवर ठेवावा. स्टॅकचे नाव मात्र उगाच बोजड आहे.