महिला ज्येष्ठ निवास, वर्धा जिल्हा : कूलरसह आणि कूलरविना

ज्या निवासाबद्दल लिहीत आहे त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अद्याप मिटलेली नाही आणि मला पुढेही तेथेच राहायचे आहे. वर्धा जिल्ह्यात, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, कपाशी आणि तुरीच्या शेतांमध्ये असलेले हे केवळ महिलांसाठीचे निवास आहे. खोल्यांचे आकार, भोजन, परिचारिकेच्या वेळा आणि अनामत रकमेचे नियम छापील पत्रकात मिळतात, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली अविवाहित शिक्षिका असून गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला येथे राहायला आले. हा अभिप्राय दिवाळीतच लिहायचा होता. तेव्हा लिहिला असता तर तो बराच वेगळा झाला असता. एप्रिलमध्ये सामाईक दालनातील मोठा कूलर बंद पडला आणि महिन्याला ११,५०० रुपये आपण नेमके कशासाठी मोजतो, याचा मला नव्याने विचार करावा लागला.

पत्रकात ‘सामाजिक जीवन’ या मथळ्याखाली वाढदिवस, योगवर्ग, भजनी मंडळ आणि शाळकरी मुलांची भेट अशी यादी आहे. हे सर्व खरोखर होते. मुलांना रांगेने उभे करून गाणी म्हणायला लावतात, आमच्या हाताने त्यांना चॉकलेटे देववतात आणि देणगीदारांसाठी छायाचित्रे काढतात. आयुष्यभर मुलांना रांगेत उभे केलेल्या बाईला यात नवे काय वाटणार? पहिल्या काही महिन्यांत मी न्हाणीघरातील आधाराच्या दांड्यांना आणि न घसरणाऱ्या फरश्यांना पूर्ण गुण दिले होते, पातळ वरणाचे गुण कापले होते आणि सोबतीच्या रकान्यात ‘ठीक’ एवढेच लिहिले होते.

ते मत नोव्हेंबरपासून बदलू लागले. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. ऑनलाइन दाखल्याची सोय २०१४ पासून आहे, परंतु धुणीभांडी, खडू आणि शेतीच्या कामात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत. चेहरा दाखवून दाखला देता येतो, हे आमच्यापैकी एकीला ठाऊक होते. तिने दालनात बसून एकेकीचा चेहरा मोबाइलसमोर धरला आणि अनेकींची वर्ध्याची खेप वाचली. गावात असते तर याच कामासाठी पुतण्याची सवड आणि सुनेचा चेहरा, दोन्ही पाहावे लागले असते.

जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आमच्या गावी मात्र विधवा बाई त्या दिवशी अजूनही आतल्या खोलीत काही तरी काम शोधते, आणि माझ्यासारख्या अविवाहितेला कोणत्या ओळीत बसवावे हे कोणालाच कळत नाही. येथे वाण सर्वांनाच मिळाले. बहुतेक जणी विधवा किंवा एकट्याच असल्यामुळे वेगळी ओळ करायला माणसे कोठून आणणार? कोणीही सुधारणेचे भाषण केले नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

आता कूलरकडे येते. प्रत्येक खोलीला वेगळा वीजमीटर आहे आणि त्याचे बिल जिचे तिने भरायचे आहे. दालनाची वीज मात्र मासिक शुल्कात धरलेली आहे. त्यामुळे मार्च लागताच, जेवणानंतर आपापल्या खोलीचा कूलर बंद करून सगळ्या जणी दालनात येऊन बसू लागल्या. येथे ‘मला एकटे वाटते’ असे कोणी म्हणत नाही, म्हणणारही नाही. ‘खोलीत मीटर पळतो’ असे मात्र चारचौघीत खुशाल सांगता येते. या सबबीखाली बारा ते चारच्या दरम्यान जे घडत असे ते पत्रकातील कोणत्याही कार्यक्रमापेक्षा मोलाचे होते. कुरडयांच्या गव्हाचा हिशेब होई, मोतीबिंदू असलेल्या बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवले जाई, मक्त्याने दिलेल्या शेताचे पैसे कोणाचे आले आणि कोणाचे बुडाले हे कळे. आर्वीकडच्या एका बाईंना त्यांच्या भाच्याने सहीसाठी कागद पाठवला होता. तलाठी कार्यालयात नोकरी केलेल्या दुसऱ्या बाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि हे हक्कसोडपत्र असल्याचे सांगितले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावले. आर्वीच्या बाईंनी सही केली नाही. भाऊबंदांत एकटी राहणारी बाई असा कागद कोणाकडून वाचून घेणार, कारण वाचू शकणारे सगळे त्या कागदाच्या पलीकडच्या बाजूचे असतात.

अशा दिवसांत कूलरचा पंप जळला. पारा ४४ अंशांवर गेलेला. मी तक्रारवहीत नोंद केली, तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले, “बाई, तुमच्या खोलीत कूलर हाये नं जी?” ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या हिशेबात थंड हवा ही खोलीची सोय आहे आणि ती प्रत्येकीला दिलेली आहे. दालन रिकामे पडले तर त्यांचे काहीच बिघडत नाही. दुरुस्तीचा माणूस शहरातून यायचा होता, आणि भर हंगामात कूलरवाला वेळेवर येणे म्हणजे काय हे विदर्भात कोणाला सांगायला नको. पाहता पाहता जेवणाचे डबे खोल्यांत जाऊ लागले, दुपारी दारे बंद राहू लागली, आणि मागच्या रांगेतील एका बाई चक्कर येऊन पडल्या तरी संध्याकाळच्या चहापर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयात सलाईन लावून त्या सुखरूप परत आल्या. दालन चालू असते तर त्या साडेबाराला दिसल्या नाहीत म्हणून एकच्या आत कोणीतरी दार ठोठावले असते. निवासात खोलीखोलीत संकटघंटा आहे, पण ती दाबायला शुद्ध असावी लागते.

शेवटी आम्ही वर्गणी काढली. मोटारपंप दुरुस्त करणारा शेजारच्या गावचा मुलगा आला. त्याने ४२० रुपयांचा पंप बसवला, बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी दगडासारख्या झालेल्या ताट्या बदलल्या आणि चहा पिऊन गेला. त्यानंतर विनापरवानगी वायरिंगला हात लावल्याबद्दल आम्हाला लेखी समज मिळाली. मी करारपत्र काढून पाहिले: त्यात खोली, पलंग, जेवण, अगदी कपाटाच्या किल्लीपर्यंत सर्व काही आहे, दालनाचा मात्र उल्लेखही नाही. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमांची अपेक्षा राज्यांकडून केली आहे. आमच्यासारख्या स्वतःचे शुल्क भरणाऱ्या बायकांच्या दुपारच्या बैठकीची काळजी मात्र करारानेच घ्यायला हवी.

या वादानंतर मी आणखी एका निष्कर्षाला आले. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात मुख्यतः स्त्रिया राहतात, श्रम करतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात. लंडनच्या हाय बार्नेट भागात पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या एका गटाने १९९८ पासून खटपट करून २०१६ मध्ये २५ घरांची ‘न्यू ग्राउंड’ ही वसाहत मिळवली आणि तिचा कारभार त्याच पाहतात. आम्ही साधिका नाही, दूरचित्रवाणीवरील मालिकेवरून भांडणाऱ्या बायका आहोत. तरीही दालनाचा कूलर कधी दुरुस्त करायचा एवढा निर्णय आमच्या हाती असायला हरकत नव्हती. जूनपासून रहिवाशांची मासिक बैठक सुरू झाली आहे. तिचे इतिवृत्त मी लिहिते, त्यामुळे ते वाचले जाते की नाही याकडेही माझेच लक्ष असते.

एकंदरीत पाचपैकी चार गुण. तीनचे चार झाले ते सोबतीमुळे, व्यवस्थापनामुळे नव्हे. ज्यांना दुपारची झोप मोडलेली चालत नाही किंवा आपले कागद दुसऱ्या बाईला दाखवणे कमीपणाचे वाटते, त्यांनी येथे पैसे घालू नयेत. येऊ इच्छिणाऱ्यांनी पाहणीसाठी रविवारी येऊ नये, कारण त्या दिवशी कार्यक्रम असतो. कामाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास यावे आणि दालनात किती जणी बसल्या आहेत ते पाहावे. दालनाची देखभाल आणि दुरुस्तीची मुदत करारात लिहून घ्यावी. मागच्या रांगेतील खोल्या महिन्याला ५०० रुपयांनी स्वस्त आहेत, पण तेथून दालनापर्यंतची वाट पत्र्याच्या सावलीविना आहे आणि मे महिन्यात ती कोणी ओलांडत नाही. मी एकेका रुपयाचा हिशेब ठेवणारी बाई आहे, तरी मी समोरच्या रांगेतीलच खोली घेतली असती आणि आता रिकामी होताच घेणार आहे.