दादरमधील हसदेव माहितीसत्र: अभिप्राय

छत्तीसगडमधील हसदेव अरण्य आणि तेथील कोळसा खाणी या विषयावर एका स्वयंसेविकेने दादरच्या छोट्या सभागृहात विनामूल्य घेतलेले दोन तासांचे सत्र मी गेल्या रविवारी ऐकले.

सत्राचे खरे बळ नकाशांत होते. खुल्या खाणीसाठी आधी सालवृक्ष तोडले जातात, मग सुपीक माती आणि खडकाचे थर उपसले जातात, आणि हे सारे हसदेव नदीच्या पाणलोट क्षेत्रात घडत असल्याने त्याचा परिणाम खालच्या बांगो धरणापर्यंत पोहोचतो, हे तिने एकेक थर दाखवत समजावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खाणींना विरोध करण्यासाठी तेथील गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले, हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला. मलाही ते ऐकणे जड गेले. हसदेव वाचवण्याच्या आंदोलनाचे नेते आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तरी हसदेवमधील परसा पूर्व–केते बासन या कोळसा खाणीत खाणकाम सुरूच राहिले, हेही तिने लपवले नाही.

मुंबईचा संबंध मात्र घाईत उरकला गेला. डहाणू आणि ट्रॉम्बे येथे आपल्यासाठी कोळसा जाळून वीज तयार होते, त्यामुळे या भागाला किमान अर्धा तास द्यायला हवा होता. ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला. मागे बसणाऱ्यांची गैरसोय झाली.

ग्रामसभेच्या संमतीवरील प्रश्नांना तिने कायद्याच्या कलमांसह उत्तरे दिली. पुढच्या सत्राला मी माझ्या मुलीला घेऊन जाणार आहे.