मांजर विंचरायचा बटणवाला स्लिकर (बारीक तारांचा) ब्रश, पावसाळ्यापासून वापरतोय

ब्रशचं बटण गेलं. मागून दाबलं की तारा आत जातात आणि केसांचा थर अलगद सुटून येतो, तोच हा ब्रश. आता बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. आत डोकावलो तर स्प्रिंग तांबूस, गंजलेली. तारा मात्र अजून लखलखीत. म्हणजे तारांना स्टेनलेस परवडलं आणि स्प्रिंगला नाही! पाकिटावर 'पाण्याने धुता येतो' असं छापलंय, म्हणून धुतला. त्यात आम्ही ऐरोलीला खाडीजवळ, हवाच खारी. तक्रार केली तर उत्तर आलं, ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या. सुटी स्प्रिंग पाठवा, पैसे देतो म्हटलं, तर सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. पाच-दहा रुपयांच्या स्प्रिंगसाठी साडेसहाशेचा ब्रश फेकायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

रागात एकच स्टार दिला होता. तो आज वाढवतोय, बोक्याच्या पोटामुळे.

आमचा पर्शियन मिक्स, लांब केसांचा, जागा असला की अर्धा वेळ स्वतःला चाटण्यात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे सुटलेला केस थुंकता येत नाही, गिळलाच जातो. केस पचत नाही. बराचसा शीतून जातो, उरलेला जठरात साठून उलटीतून पडतो. अन्ननलिकेतून दाबून येत असल्याने गोळा नसतो, लांबट वळी असते. लादीवर पडलेली, पिवळसर पाण्यात भिजलेली, बोटाएवढी. सुकल्यावर काडीने उकलली तर आत निव्वळ राखाडी गुंतवळ. गणपतीपर्यंत हे आठवड्याला एकदा तरी व्हायचंच.

माल्ट पेस्टही आणली होती. आवडीने चाटायचा, थोडा फरकही पडला. पण पेस्ट पोटात गेलेल्या केसाला पुढे सरकवते, ब्रश तो केस पोटात जाण्याआधीच काढतो. शिवाय ट्यूब संपली की पुन्हा खर्च. रोज संध्याकाळी मान, पोट आणि मागच्या मांड्या विंचरायला लागल्यापासून उलटी क्वचितच होते. शीमधला फरक तर लिटर (मांजराच्या शीच्या ट्रेमधली वाळू) उपसताना दिसतो. आधी कोरड्या लेंड्या केसाने एकमेकींना माळेसारख्या लटकलेल्या असायच्या. आता सुट्या आणि मऊ.

म्हणून तारांना पाच, स्प्रिंगला शून्य, एकूण तीन स्टार. सध्या ब्रशमध्ये अडकलेले केस जांभळी नाक्यावरून आणलेल्या स्टीलच्या फणीने खरवडून काढतो. काम होतं, वेळ दुप्पट लागतो.

ब्रशच्या भरवशावर एक गोष्ट मात्र सोडू नका. मांजर नुसतं उबळत असेल, बाहेर काही पडत नसेल, खाणं किंवा शी बंद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आतडं अडलेलं असू शकतं. मान ताणून वारंवार खोकत असेल तर तो दमाही असू शकतो. एकाच जागी चाटून टक्कल पडत असेल तर पिसवा आणि ॲलर्जी तपासून घ्या. आणि सिरिंजने तोंडात तेल किंवा पॅराफिन ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आखूड केसांच्या मांजराला हा ब्रश घेऊच नका, रबरी हातमोजा पुरतो.