आयुर्विमा महामंडळाच्या शाखेतील क्लेम विभाग : एक अभिप्राय

वडिलांच्या पश्चात त्यांच्या दोन विमा पॉलिसींचे दावे आईच्या नावाने करण्याचे काम माझ्याकडे आले. एक पॉलिसी भारतीय आयुर्विमा महामंडळाची, सातारा जिल्ह्यातील शाखेतून घेतलेली. दुसरी एका खासगी कंपनीची, जिचे नाव येथे देत नाही. हा अभिप्राय मुख्यतः महामंडळाच्या त्या शाखेतील क्लेम विभागाविषयी, आणि त्यातही तेथील सहायक पदावरील बाईंच्या कामाविषयी आहे. पॉलिसी निवडताना आपण बोनस, परतावा आणि हप्ता यांची चौकशी करतो. दावा हातात घेऊन जेव्हा आपली माणसे कार्यालयात जातील, तेव्हा समोर कोण बसलेले असेल हे मात्र कोणी विचारत नाही.

आमच्या मनात मोठी धास्ती होती. वार्षिक हप्त्याची तारीख उलटून गेली होती आणि तो भरण्याआधीच वडील गेले, त्यामुळे पॉलिसी बंद पडली असे घरात सर्वांनी धरूनच चालले होते. बाईंनी संगणकावर पॉलिसी क्रमांक टाकून स्थिती पाहिली आणि पहिल्या काही वाक्यांतच ही धास्ती दूर केली : वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, मृत्यू त्या मुदतीत झालेला असल्याने पॉलिसी चालूच मानली जाते आणि राहिलेला हप्ता दाव्याच्या रकमेतून वळता केला जातो. हे नियमात लिहिलेलेच असते, हे खरे. पण आई समोर बसलेली असताना ते तिला समजेल अशा बोलीत, घाई न करता सांगणे हे नियमात लिहिलेले नसते.

त्यानंतर त्यांनी एका कागदावर सगळी कागदपत्रे स्वतःच्या हाताने लिहून दिली. दावेदाराच्या निवेदनाचा 3783 क्रमांकाचा फॉर्म, मूळ पॉलिसी बॉण्ड, मृत्यूचा दाखला, आईचे आधार व पॅन, रद्द केलेला धनादेश आणि बँक खात्याचा तपशील. पॉलिसी जुनी असल्याने डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे प्रमाणपत्र मागितले नाही. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून तिला आव्हान देता येत नाही, त्यामुळे अशा दाव्यांत वैद्यकीय चौकशीचे कागद साधारणपणे लागत नाहीत. ही गोष्ट ठाऊक नसलेले नातेवाईक उगीच रुग्णालयाचे उंबरठे झिजवत राहतात.

कागद जमा करायला गेलो, तेव्हा बाईंच्या कामाची खरी ओळख झाली. त्यांनी पॉलिसीची प्रत, आईचे आधार कार्ड आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येक नावाखाली पट्टी धरून एकेक अक्षर वाचले. पॉलिसीवर व पासबुकावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, “काकू, हे आत्ताच निस्तरून टाकू. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडलेत की पुढे कोणी शंका काढणार नाही, नाहीतर फाईल वरच्या टेबलावरून परत येईल आणि तुम्हाला पुन्हा गावाहून यावे लागेल.” प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी तहसील कचेरीजवळ करून घेतले. दावा घेतल्याची तारीख घालून, शिक्का मारून त्यांनी पोहोच दिली, तीसुद्धा न मागता.

याच काळात खासगी कंपनीचा अनुभव अगदी उलटा आला. ॲपवर कागद चढवण्याची सोय उत्तम होती, तेवढे मान्य केले पाहिजे. पण दर वेळी फोनवर वेगळी व्यक्ती, वेगळा तक्रार क्रमांक आणि कागदांची वेगळी यादी. चढवलेला दाखला पुन्हा मागितला गेला आणि नावातील फरक फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आला. फोनवर बोलणारी मुले सभ्य होती. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण आमची फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहण्याची मुभाच त्यांतल्या कोणाला नव्हती.

विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा 15 दिवसांत आणि चौकशी लागणारा दावा 45 दिवसांत निकाली काढायचा असतो; विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दरापेक्षा 2 टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. महामंडळाची रक्कम आईच्या खात्यावर मुदतीत जमा झाली. तिला मंजुरी देणारा अधिकारी वेगळा होता, हे उघड आहे. तरीही सहायकाच्या टेबलावर फाईल अपुरी राहिली असती, तर अधिकाऱ्याला मंजूर करण्याजोगे काही समोर आलेच नसते. नोंद करणे, तपासणे, डॉकेट म्हणजे पॉलिसीची फाईल लावणे, स्कॅन करणे, त्रुटीचे पत्र काढणे या कामांना बाहेरचे लोक कारकुनी म्हणून हिणवतात. मला मात्र संपूर्ण विमा व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचे काम हेच वाटते, आणि अशी पदे कमी करून त्या जागी नुसता हेल्पलाइन क्रमांक ठेवणे ग्राहकांच्या हिताचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेला मी पूर्ण गुण देतो. दावा घेऊन जाणाऱ्यांनी वारसाचे नाव पॉलिसी, आधार आणि पासबुक या तिन्हींवर सारखे आहे का, हे घरीच पाहून घ्यावे, सर्व कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात आणि तारखेसह पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. कोणत्याही कंपनीने दाद दिली नाही, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. पुढे प्राधिकरणाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि 155255 हा क्रमांक आहे. तरीही प्रश्न सुटला नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते आणि पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे.